बुलेटला पितळी डाख

बाबांनी या बुलेटवर सरकीची पोती वाहिली, ती काही बोलली नाही. मी एकदा बायकोला मागं बसवून बाजाराला नेलं आणि गाडीच्या सांगाड्याची मानेजवळची नळी तडकली. (हे वाक्य घरात मोठ्यानं वाचायचं नाही.)

तालुक्याचा गॅसवेल्डिंगवाला आठ दिवस "उद्या" म्हणत राहिला. मग ऑक्सिजनची टाकी भाड्यानं आणली. गॅस मात्र स्वयंपाकघरातला. "काहो, पोया का तुमच्या डोक्स्यावर भाजू?" आतून आवाज आला. त्या दिवशी पऱ्हाटीची चूल पेटली.

ब्रेझिंग, म्हणजे पितळेचा डाख देणं, तसं सोपं. पोलाद वितळवायचं नसतं, त्याला १५०० अंशांच्या आसपास लागतात. पितळी कांडी ९०० च्या अलीकडेच पाणी होते. तडकलेल्या जागी आतून नळीचा तुकडा घालायचा, फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी ठेवायची, नळी लाल झाली की पितळ आपोआप आत ओढलं जातं. आपोआप.

मे महिना, ४५ अंश. उन्हात नळीचा लाल रंगच दिसत नाही, म्हणून गोठ्यात शिरलो. कडबा हलवला, गोऱ्हा हलेना. पितळ नीट धरावं म्हणून नळीवर सवागी, म्हणजे बोरॅक्स, टाकली तर तिच्या लाह्या फुटल्या. आजी हीच सवागी पोरांच्या तोंड आलं की मधातून लावायची. मी घाईत नळीऐवजी कांडीच तापवली. पितळाचा गोळा झाला, नळीवरून टपकन पडला आणि गोऱ्ह्याच्या पुढ्यात शेळीच्या लेंडीसारखा सोनेरी बसला. गोऱ्ह्यानं वास घेऊन मान फिरवली.

तेवढ्यात शेजारचे काकाजी आले. "काय करून राह्यला बे?" मग आणखी तिघं. चौघांनाही ब्रेझिंग येत होतं. "आच वाढव," एक. "कमी कर बापा," दुसरा. वाढवली, तर पितळ उकळून पांढरा धूर निघाला. तो जस्ताचा, अंगात गेला तर रात्री हुडहुडी भरते. दार उघडलं, चौघेही पांगले. खरा फायदा त्या जस्ताचाच.

एकटा राहिल्यावर नळी गोलगोल तापवली. कांडी नुसती टेकवली आणि पितळ सरकत फटीत दिसेनासं झालं. पलीकडच्या कडेला बारीक पिवळी रेघ उमटली. अंगावर काटा आला, एवढ्या उकाड्यात.

डाख पक्का आहे. एका बाजूनं आच जास्त लागली, त्यानं मान जराशी वळली एवढंच. आता हँडल सैल धरलं की गाडी डावीकडं ओढते. आमच्या फाट्यावर डावीकडं रसवंती आहे. दोन ग्लास झाल्याशिवाय बायको गाडी दुरुस्त करू देत नाही.