दोरीला हात लावला त्याचा वाटा

काल सकाळी आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, लागली होती. दोन्ही बाजूंनी दोरी ओढत होते, मधेच एक बाहेरगावचा पोरगा येऊन दोरीला लागला, ना रापण संघातला ना कोणाच्या नात्यातला. जाळं वाळूवर आलं तसे रापणीतल्या आबांनी त्याच्या पिशवीत सात-आठ बांगडे टाकले. तो नको नको करत होता तर म्हणाले, "दोरयेक हात लायलंस मां, मगे घेवन जा."

मला तिथेच युरोपियन युनियन आठवलं, कारण गेले काही दिवस मी हेच वाचतोय, सभासद नसलेल्या शेजाऱ्यांशी ते लोक कसं जमवतात.

1 मे 2004 ला युनियन 15 वरून 25 देशांचं झालं. सीमा एकदम पूर्वेला सरकली, पलीकडच्यांना लगेच आत घ्यायचं नव्हतं पण तोडायचंही नव्हतं, म्हणून त्याच वर्षी त्यांनी शेजार धोरण आणलं. मोरोक्को, ट्युनिशियापासून युक्रेन, मोल्दोवापर्यंत 16 देश. रोमानो प्रोदी युनियनच्या कमिशनचे अध्यक्ष असताना 2002 मधेच बोलले होते की संस्था सोडून बाकी सगळं शेजाऱ्यांबरोबर वाटून घेऊ. म्हणजे बाजार, पैसा, प्रवास मिळेल, पण निर्णय होतो त्या टेबलावर खुर्ची नाही.

यातून चांगलंही झालं. मोल्दोवाने बायोमेट्रिक पासपोर्ट, सीमेवरचा बंदोबस्त, कायदे असं एकेक पुरं केलं आणि 2014 पासून तिथल्या साध्या माणसाला 90 दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय जाता यायला लागलं, जॉर्जिया आणि युक्रेनला 2017 मधे. अट घातली, ती पुरी करायला मदत केली आणि शब्द पाळला, हे मला मनापासून पटतं. पण 2023 मधे ट्युनिशियाशी जो समझोता केला, त्यात समुद्रातून येणारी माणसं अडवायला वगैरे साडेदहा कोटी युरो, त्याला मी शेजारधर्म नाही म्हणणार, पैसे देऊन राखणदार ठेवला म्हणणार.

मला खरं शिकण्यासारखं वाटतं ते नॉर्वेचं. तिथल्या लोकांनी 1972 आणि 1994, दोन्ही वेळा मतदान करून युनियनला (1972 मधे तेव्हाच्या युरोपीय समुदायाला) नाही म्हटलं, मासेमारीचा हक्क हातचा जाईल ही मोठी भीती होती. युनियनशी केलेल्या करारामुळे बाजाराचे बरेचसे नियम ते पाळतात, त्यावर मत देता येत नाही, पण मासेमारीचं धोरण त्या करारात नाहीच, त्यामुळे माशांच्या बाबतीत नॉर्वे बरोबरीने बसतो. उत्तर समुद्रातला कॉड, हॅडॉक, हेरिंग या माशांचं दरवर्षी पुढच्या वर्षासाठी किती पकडायचं आणि कोणाचा वाटा किती, हे युनियन आणि नॉर्वे बसून ठरवतात, समोर शास्त्रज्ञांचा सल्ला असतो, आणि ब्रिटन बाहेर पडल्यापासून तेही तिसरे म्हणून बसतात. भांडतात भरपूर, पण दरवर्षी बसतात.

आणि जिथे जमलं नाही तिथे काय झालं तेही बघा. तिकडचा मॅकरेल, म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊबंद, तो उत्तरेला आइसलँडकडे सरकला, मग आइसलँड म्हणे आमच्या पाण्यात आला तर आमचा, बाकीचे म्हणे आमचा. प्रत्येकाने आपापला कोटा लावला, सगळ्यांची बेरीज शास्त्रज्ञांच्या आकड्याच्या वर गेली आणि 2019 मधे त्या मासळीचं शाश्वत मासेमारीचं सर्टिफिकेट निलंबित झालं. एवढे श्रीमंत, शिकलेले देश, पण एका बांगड्यावर अडले.

हे वाचताना पोटात कालवतं हो, कारण आपल्याकडे तेच चाललंय. गेल्या हंगामात माझ्या चुलत भावाची जाळी रात्री एका परराज्यातल्या ट्रॉलरने फाडून नेली, सकाळी नुसते बोये तरंगताना मिळाले, कर्ज अजून फिटलेलं नाही. 12 सागरी मैलांपर्यंत पाणी राज्याचं, पण तारली-बांगड्याला राज्य कुठे माहीत, तो आज वेंगुर्ल्यासमोर तर उद्या गोव्याच्या हद्दीत. आपलेही लोक हद्द ओलांडतात, ते कशाला लपवायचं. पावसाळी बंदी 1 जून ते 31 जुलै, ही आपल्यात, गोव्यात आणि कर्नाटकात सारखी असते, म्हणजे ठरवलं तर एकसारखं चालता येतं. मग जाळ्याचा आस (भोकांचा आकार), पर्ससीन (थवाच्या थवा घेरणारं मोठं जाळं) यावर का नाही? नुसत्या गस्ती वाढवून आणि बोटी पकडून हे मिटणार नाही, चार बोटी पकडल्या की तिकडे आपल्या चार पकडतात, हे आम्ही बघितलंय.

माझं मागणं एवढंच आहे, जुलै महिन्यात, बंदी उठायच्या आधी, तिन्ही राज्यांची एक बैठक दरवर्षी लावा. यंदा मालवणात, पुढच्या वर्षी पणजीत, मग कारवारात. सीएमएफआरआयचे, म्हणजे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ बोलवा, आणि नुसते अधिकारी नकोत, रापणवाले, गिलनेटवाले, ट्रॉलरवाले सगळे समोरासमोर बसूदेत. पहिल्या वर्षी नुसती भांडणं होतील, होऊदेत. आबांना विचारलं मी, याल का, तर म्हणाले, "येतंय, पण तांडेलाक तांडेल बोलूक व्हयो." म्हणजे होडीच्या म्होरक्याशी म्होरक्याच बोलायला हवा. इथल्या सोसायट्यांमधले कोणी हे वाचत असाल तर मला फोन करा, निवेदनाचा मसुदा मी लिहायला घेतलाय.