स्वाहिली क्रियापदे बिनबोभाट कशी शिकावीत

टांझानियातल्या दारेसलामला बदली झाल्याचे पत्र हाती पडताच स्वाहिली क्रियापदे चालवून दाखवणारे एखादे अ‍ॅप मोबाईलवर उतरवून घ्यावे. इमारतीचा रखवालदार, शेजारच्या आजी, दालादाला नावाच्या मिनीबसचा कंडक्टर अशी फुकट बोलणारी माणसे तिथे पावलोपावली भेटतील, हे खरे; पण ती गुण देत नाहीत आणि आपण सलग किती दिवस अभ्यास केला याचा हिशोबही ठेवत नाहीत. अशा बेशिस्त लोकांकडून भाषा शिकणे सुशिक्षिताला शोभत नाही.

सुरुवात 'कुसोमा', म्हणजे वाचणे, या गरीब क्रियापदापासून करावी. 'निनासोमा' म्हणजे मी वाचतो आहे: 'नि' म्हणजे मी, 'ना' हा वर्तमानकाळ, उरला तो धातू. 'ना'च्या जागी 'लि' बसवला की भूतकाळ, 'ता' बसवला की भविष्यकाळ. एवढे सोपे असेल तर पैसे कशाला मोजले, असे वाटू लागले की नकाराचे पान उघडावे. 'सिसोमी' म्हणजे मी वाचत नाही. इथे 'ना' गायब होतो आणि शेवटच्या 'आ'ची 'ई' होते. 'मी वाचले नाही' याला 'सिकुसोमा', 'अजून वाचलेले नाही' याला 'सिजासोमा'. हे जमले म्हणून हुरळून जाऊ नये, कारण 'कुजिबु', म्हणजे उत्तर देणे, यासारखी अरबीतून आलेली क्रियापदे शेवटचा स्वर बदलायला साफ नकार देतात आणि 'सिजिबु' असेच राहतात. (आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, असे कर्माचे लिंग पाहून क्रियापद फिरवणाऱ्या मराठी माणसाला दुसऱ्याच्या व्याकरणाला नावे ठेवण्यात वेगळेच सुख मिळते, ते सोडू नये.)

पुढे 'निताकुपिकिया' येते. मी तुझ्यासाठी स्वयंपाक करीन, हे अख्खे वाक्य त्या एका शब्दात मावते. त्याचे तुकडे पाडण्यात एखादी संध्याकाळ आनंदाने घालवावी. नेमके कोणासाठी रांधायचे, हे अ‍ॅप कधीही विचारत नाही.

वडीलधाऱ्यांना 'शिकामो' म्हणण्याची तिथे रीत आहे आणि त्यावर 'माराहाबा' असे उत्तर येते. तुमचे पाय धरतो, असा 'शिकामो'चा मूळ अर्थ, म्हणजे आपला वाकून केलेला नमस्कारच. परंतु तो काळांच्या कोणत्याही तक्त्यात बसत नसल्यामुळे जिन्यात शेजारच्या आजी समोर आल्या तरी मोबाईलकडे पाहत पुढे सरकावे.

करियाकोच्या बाजारात जाण्याचा प्रसंग आलाच, तर विशेष सावध असावे. टोमॅटोचे ढीग मांडून बसलेली बाई 'करिबु', म्हणजे या, असे म्हणेल. 'न्यान्या' म्हणजे टोमॅटो आणि आजीसुद्धा, तेव्हा नुसते नाम उच्चारण्याचा उतावळेपणा करू नये. आजूबाजूचे लोक 'निनाताका', म्हणजे मला हवे आहे, या शुद्ध रूपाचे 'नाताका' करून टाकतात, किंवा 'नाओंबा', म्हणजे विनंती करतो, एवढे म्हणून पिशवी भरून घेतात. त्यांच्या नादी लागू नये. आपण शांतपणे 'कुताका'चे पान उघडावे, हवे आहे आणि हवे असते यांतला फरक तपासावा, 'निंगेताका' या संकेतार्थी रूपात सौजन्य अधिक दिसेल का, याचा विचार करावा, आणि एकदा नकारार्थी रूपेही नजरेखालून घालावीत. एवढ्यात मागून आलेल्या तिघीचौघी उरलेले ढीग उचलून नेतील आणि बाई म्हणेल, 'झिमेक्विशा'.

संपले. इथे वाईट वाटून घेऊ नये. 'झि' हा टोमॅटोच्या नामवर्गाचा बहुवचनी उपसर्ग, 'मे' हा पूर्ण झालेल्या क्रियेचा, आणि 'क्विशा'मधला 'क्व' जागच्या जागी. रूप बिनचूक आहे. परतीच्या दालादालात रिकामी पिशवी मांडीवर घेऊन तेच रूप अ‍ॅपमध्ये भरावे, म्हणजे हिरवी खूण उमटेल आणि सलग अभ्यासाचा ९४ वा दिवस आपल्या नावावर जमा होईल.