‘मागे वळला असता तर वाचला असता’ : एक खुलासा

इंदूरमधल्या आपल्या मराठी गटांत संदेश फिरतोय: उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडलं, तर वैमानिकाने सरळ मागे वळून धावपट्टीवर उतरावं, वळला नाही म्हणून माणसं गेली. हा सल्ला चुकीचा आहे, आणि गेलेल्या वैमानिकावर अन्याय करणाराही.

सेसना 172 या एका इंजिनाच्या छोट्या विमानाचं उदाहरण घ्या. 300 फुटांवर इंजिन थांबलं, तर मिनिटाला सुमारे 700 फूट घसरणीने हातात 25 सेकंद उरतात. काय घडलं ते उमगण्यातच तीन-चार सेकंद जातात. 70 नॉट (ताशी सुमारे 130 किलोमीटर) वेगाने, 30 अंश कलवून अर्धं वर्तुळ घेतलं तरी वीसेक सेकंद लागतात, आणि विमान धावपट्टीच्या रेषेपासून साडेचारशे मीटर बाजूला पडतं! वळताना घसरण वाढते, ती वेगळीच. घाईने 45 अंश कलवलं, तर स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्याखाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत तो वेग, 48 वरून 57 नॉटवर जातो. त्यात जमीन जवळ दिसते म्हणून हात नकळत नाक वर ओढतो, एक पंख कोसळतो आणि विमान गिरकी घेतं. या उंचीवर त्यातून सावरता येत नाही.

म्हणूनच शिकवतात ते असं: आधी नाक खाली, वेग टिकवा, समोरच्या 30 अंशांत मोकळी जागा निवडा. वेळ मिळाला तर इंधन आणि इग्निशन (इंजिनाची ठिणगी) बंद, फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) खाली, मग मास्टर स्विच (विजेचं मुख्य बटण) बंद, दार किलकिलं.

आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. मे महिन्यातल्या 40 अंशांत इथली हवा 5,300 फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते, त्यामुळे विमान उंचीही सावकाश गाठतं.