माकडाला तोंड आहे, मग अडलंय कुठे?

माणूस प्राणी आहे असं म्हटलं की काही लोक असे खवळतात, जणू आपण त्यांच्या खानदानावर घसरलो. परवा ओळखीच्यांच्या एका ग्रुपवर हेच झालं. कुणीतरी मुलाच्या अभ्यासातला साधा प्रश्न टाकला, "माणूस प्राण्यांत मोडतो का?" आणि बघता बघता संस्कृती, संस्कार, आत्मा, पुनर्जन्म सगळं बाहेर आलं. शेवटी एका काकांनी हुकमाचा एक्का टाकला: "आपण प्राणी असतो तर मुकेच राहिलो नसतो का? आपण बोलतो!" त्यावर अंगठ्यांचा पाऊस.

तिथे लिहिलं असतं तर वाद वाढला असता, म्हणून इथे लिहिते.

पहिला भाग लवकर निपटतो. आपल्याला झाडासारखं उन्हात बसून अन्न बनवता येत नाही, दुसऱ्या जिवांना खावं लागतं. पाठीला कणा आहे, अंगावर केस आहेत, आपली पिल्लं आईचं दूध पितात. इतकं सगळं जुळल्यावर आपल्यालाच वेगळं रेशनकार्ड कशाला? आणि हे डार्विनने काढलेलं खूळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: डार्विनच्या शंभर वर्षं आधी, १७५८ साली, स्वीडनच्या कार्ल लिनियसने माणसाला माकडांच्या गटात बसवलं होतं. हा काही नास्तिक नव्हे, पाद्र्याचा मुलगा. त्याने त्याच गटात वटवाघळंही घातली होती, ती नंतर काढावी लागली. माणूस मात्र आजही तिथेच आहे. बाकी प्राण्यांची वर्णनं त्याने रीतसर लिहिली आणि माणसाच्या नावापुढे वर्णनाऐवजी लॅटिनमध्ये एवढंच लिहिलं: स्वतःला ओळख. मला हा माणूस त्या एका ओळीसाठी आवडतो.

आणि संस्कृतीचाच दाखला द्यायचा तर पैठणची गोष्ट आठवा. ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले एवढंच आपण सांगतो, पण गोष्ट सुरू कुठून होते? तुझ्यात आणि या रेड्यात एकच आत्मा आहे का, या खोचक प्रश्नावरून. ज्ञानेश्वर 'हो' म्हणाले. त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे गावी आहे, लोक तिथे हात जोडतात. रेड्यापुढे हात जोडायला आपल्याला कमीपणा वाटत नाही, त्याच्याशी नातं सांगायचं म्हटलं की मात्र नाक मुरडतो.

आता बोलण्याचं. आपणही प्राणीच, तर बाकीचे प्राणी का बोलत नाहीत? इथे काकांचा प्रश्न खरंच चांगला आहे, उत्तर मात्र सगळे चुकीचं देतात. "त्यांच्या घशाची रचना वेगळी असते" हे उत्तर मीही शाळेत ऐकलंय. माणसाचं स्वरयंत्र घशात खाली सरकलेलं असतं, म्हणून आपल्याला स्वर काढता येतात आणि माकडाला नाही, असं बरीच वर्षं मानलं जायचं. पुढे कळलं की लाल हरणाच्या नराचंही स्वरयंत्र खाली असतं. ते काही भाषण करत नाही, नुसतं डरकतं. मग २०१६ साली काही संशोधकांनी जिवंत मकाक माकडाचं तोंड आणि घसा हलताना एक्स-रेने टिपला आणि त्या आकारांतून कोणकोणते आवाज निघू शकतील ते संगणकावर काढलं. समजण्याइतकं बोलायला तेवढे आवाज पुरेसे होते. नमुना म्हणून त्यांनी माकडाच्या घशातून इंग्रजीत कोणतं वाक्य ऐकवावं? "माझ्याशी लग्न करशील का?" शास्त्रज्ञांनाही कधीकधी रिकामा वेळ असतो.

म्हणजे वाद्य आहे, वाजवणारा नाही. माणसात मेंदूच्या वरच्या थरातून स्वरयंत्र हलवणाऱ्या चेतापेशींपर्यंत थेट जोडणी असते, माकडांत ती जवळजवळ नसते. त्यांचं ओरडणं मेंदूच्या जुन्या, खोल भागातून येतं, जिथून आपलं रडणं, हसणं, किंकाळी येते. दारात बोट चेमटलं की आधी जो आवाज निघतो तो त्या जुन्या वाटेचा, त्यामागून येणारं "आई गं" नव्या वाटेचं. पक्षाघातात वाचा गेलेली माणसं पाहिली असतील. साधं "पाणी दे" जमत नाही, पण ती रडतात, हसतात, कित्येकदा शिवी अचूक हासडतात.

चाळीसच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत हेज नावाच्या नवराबायकोने व्हिकी ही चिंपांझीची पिल्लू घरात मुलीसारखी वाढवली. तिचे ओठ हाताने धरून शब्द शिकवले. कष्टाने चार आले: मामा, पापा, कप, अप. तेही घोगरे. आणि गंमत बघा, आपल्याशी फारच दूरचं नातं असलेला पोपट धडाधड बोलतो. कोरियातल्या प्राणिसंग्रहालयात कोशिक नावाचा एक हत्ती स्वतःची सोंड तोंडात घालून पाच कोरियन शब्द काढायचा. ऐकून आवाज उचलण्याची कला काही पक्ष्यांत, हत्तींत, सीलमध्ये, देवमाशांत आहे. आपल्या सख्ख्या चुलत भावंडांतच ती नाही. (मध्ये 'भाषेचं जनुक सापडलं' अशा बातम्या खूप गाजल्या. ते फॉक्सपी२ जनुक उंदरांतही असतं. तेव्हा त्यावर फार विसंबू नका.)

घसा आणि जोडणी बाजूला ठेवून हाताच्या खुणा शिकवल्या तर? तेही करून झालं. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हर्बर्ट टेरेस यांनी निम नावाच्या चिंपांझीला खुणांची भाषा शिकवली. तो शंभरावर खुणा शिकला. मग टेरेस यांनी व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिले आणि १९७९ साली स्वतःच जाहीर केलं की ही भाषा नव्हे. निमचं सगळ्यात लांब 'वाक्य' सोळा खुणांचं होतं: दे संत्रं मला दे खा संत्रं मला खा संत्रं दे मला खा संत्रं दे मला तू. आम्हा नागपूरकरांना या भावना समजतात, पण यात वाक्य कुठे आहे?

माझं म्हणणं इथे सुरू होतं. प्राणी मागतात आणि बजावतात. गप्पा मारत नाहीत.

बजावण्यात तर ते पक्के आहेत. ताडोबात जिप्सीत बसून वाघाची वाट बघितली असेल तर माहीत असेल. समोर काहीच नाही, नुसता बांबू. मग वर सागावरचं वानर एकदम 'खॅक' करतं, शेपटी ताठ, नजर एकाच झुडपावर. खाली चितळं माना वर करून पाय आपटायला लागतात. आमचा गाईड हात वर करून म्हणाला, "थांबा मॅडम, कॉल येऊन राह्यला." गाडी बंद. मी विचारलं, वाघच ना? तर म्हणे, "वानर कधी कधी उगाच बी ओरडते. सांबर बोललं का मग नक्की." वानराच्या हाकेवर चितळ जगतं, दोघांच्या हाकेवर गाईडचं पोट चालतं. केनियातली व्हर्वेट माकडं तर बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी तीन वेगळ्या हाका देतात, आणि ऐकणारी माकडं त्याप्रमाणे झाडावर चढतात, आभाळाकडे बघतात किंवा गवतात डोकावतात.

पण वाघ निघून गेल्यावर संध्याकाळी झाडावर बसून "आज काय वाचलो रे" असं एखादं वानर दुसऱ्याला सांगतं, याचा पुरावा कुणाकडे नाही. मधमाशी नाचून फुलांची दिशा आणि अंतर सांगते, ते शोधणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल मिळालं. पण तिचा विषय पोळ्याच्या कामापलीकडे जात नाही.

याच्या शेजारी माझी भाची ठेवा. वर्षाची होती, एक शब्द धड येत नव्हता. खिडकीच्या ग्रिलवर कावळा बसला की बोट दाखवायची, "अं! अं!" करायची, मग वळून माझ्या तोंडाकडे बघायची, पुन्हा कावळ्याकडे. तिला कावळा नको होता. आणून दिला असता तर भोकाड पसरलं असतं. मीही तो बघावा, एवढंच हवं होतं. "हो गं, काऊ आला" म्हटलं की समाधान. मी मोबाईलमधून मान वर केली नाही तर हनुवटी धरून वळवायची. बोट दाखवणं पिंजऱ्यातले चिंपांझीही शिकतात, पण ते जवळजवळ नेहमी केळ्याकडे. नुसतं "ते बघ" म्हणून बोट दाखवणं माणसाची पोरं पहिल्या वाढदिवसाच्या आसपास आपोआप करतात. माझ्या मते भाषा तिथून उगवते, घशातून नाही. आधी सांगावंसं वाटायला हवं.

त्यामुळे काकांना माझं उत्तर: आपण प्राणीच आहोत, फक्त विनाकारण सांगत सुटणारे. तुमचा सकाळचा 'सुप्रभात'चा फोटो हा त्याचा भक्कम पुरावा.

या म्हणण्याला खरा अडथळा एकच आहे आणि तो चिंपांझीचा नाही. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग यांच्याकडे अ‍ॅलेक्स नावाचा आफ्रिकन करडा पोपट तीस वर्षं होता, २००७ साली वारला. रंग, आकार, वस्तू ओळखून इंग्रजीत नाव सांगायचा. एकदा आरशात स्वतःला बघून त्याने विचारलं म्हणे, "कुठला रंग?" आणि उत्तर ऐकून ऐकून 'करडा' शब्द शिकला. यातून त्याला खायला काही मिळणार नव्हतं. आता, हाच प्रश्न माणसं त्याला रोज विचारायची, तेव्हा तो कुतूहलाने विचारला की पाठ होता म्हणून निघाला, हे ठरवणं अवघड. एका पक्ष्याच्या एका प्रश्नावर मी मत बदलणार नाही. पण दुर्लक्षही करवत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी बोलका पक्षी आहे त्यांनी कमेंटमध्ये लिहा. (देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा जपून लिहा.) फक्त "आमच्या मिठूला सगळं कळतं" एवढंच नको. तो कधी काही विचारतो का, ते सांगा.