कानाच्या पाळीला सुई टोचून पक्षाघात उतरत नाही

'पक्षाघाताचा झटका आला की रुग्णाला जागचं हलवू नका, मेंदूतल्या केशवाहिन्या फुटतील. सुई तापवून दहाही बोटांच्या टोकांना टोचा, रक्ताचा थेंब येऊ द्या. तोंड वाकडं झालं असेल तर कान ओढून लाल करा आणि दोन्ही पाळ्यांना टोचा. रुग्ण शुद्धीवर आला की मगच दवाखान्यात न्या.' एका चिनी प्राध्यापकाच्या नावाने फिरणारा हा मेसेज अनेकांच्या घरच्या ग्रुपवर येऊन गेला असेल. माझ्या आत्याला झटका आला तेव्हा आमच्या घरात हेच केलं गेलं. म्हणून त्यातलं एकेक वाक्य धरून लिहिते आहे.

'हलवू नका.' बहुसंख्य झटक्यांमध्ये काही फुटलेलंच नसतं. मेंदूच्या धमनीत रक्ताची गुठळी अडकते आणि पुढचा भाग उपाशी राहतो. उरलेल्या झटक्यांत रक्तस्राव होतो खरा, पण तो बहुधा वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने झिजलेल्या, मेंदूच्या खोल भागातल्या बारीक धमन्यांतून. गाडीत बसवल्याने केशवाहिन्या फुटत नाहीत. मेंदू आवरणांच्या आत, द्रवात तरंगत असतो. खड्ड्यातल्या हादऱ्यांना तो पुरून उरतो. उलटी होत असेल तर रुग्णाला कुशीवर वळवा आणि निघा.

'दहा बोटं टोचा.' घरी ग्लुकोमीटरने साखर तपासणारे रोज बोट टोचतात. त्या थेंबाने रक्तदाब तसूभर उतरत नाही, मग मेंदूतली गुठळी कशी हलेल?

कानाचा मुद्दा मात्र नीट पाहायला हवा, कारण लोकांना तोच सर्वांत पटतो. तोंड वाकडं होतं आणि चेहऱ्याची नस कानाजवळूनच जाते, हे खरं आहे. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी ही सातवी. कानामागच्या दगडासारख्या टणक हाडातून वळणं घेत ती पाळीच्या मागे, खालच्या बाजूला एका छोट्या छिद्रातून कवटीबाहेर पडते. पण पक्षाघातात बिघाड त्या छिद्रापाशी नसतो, तो वर मेंदूत असतो. म्हणून तोंडाचा कोपरा लोंबला तरी रुग्णाला बहुधा कपाळाला आठ्या घालता येतात. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम मिळतो. नसच बिघडली, जसं बेल्स पाल्सीत होतं, तर त्या बाजूचं कपाळही हलत नाही. हा फरक घरी बसून ठरवू नका, ते डॉक्टरांचं काम. आणि पाळीला टोचल्यावर जी कळ येते ती पोचवणारी नस तर मानेतल्या मणक्यांमधून आलेली असते. सातव्या नसेशी तिचा संबंध नाही.

रक्ताचंही तेच. मानेतली मोठी धमनी कंठमण्याच्या वरच्या काठापाशी दुभंगते. बाहेरची शाखा चेहरा, टाळू आणि कानाला रक्त देते. आतली शाखा मानेत कुठेही फाटे न फोडता कवटीच्या तळाशी जाते आणि हाडातल्या वाकड्या बोगद्यातून मेंदूकडे शिरते. मागून आणखी दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून चढतात आणि कवटीच्या तळाच्या सर्वांत मोठ्या छिद्रातून आत येतात. मेंदूच्या तळाशी या सगळ्यांचं एक कडं बनतं. 1664 साली त्याचं सविस्तर वर्णन करणाऱ्या थॉमस विलिसच्या नावाने ते ओळखलं जातं. पाळीतून निघालेला थेंब या वाटेवर कधी गेलेलाच नसतो.

'आमच्या शेजाऱ्यांना टोचलं आणि ते बरे झाले,' असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. काही झटके क्षणिक असतात. गुठळी आपोआप विरघळते, बऱ्याचदा तासाभरात बोलणं परत येतं, आणि श्रेय सुईला मिळतं. मोठा झटका पुढच्या काही दिवसांतच येऊ शकतो, म्हणून अशा बऱ्या झालेल्या माणसालाही त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवं.

सगळ्यात घातक आहे ते 'मगच'. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहून. म्हणून 108 ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्या. तोंडाने पाणी किंवा ॲस्पिरिन देऊ नका. गिळण्याची क्रियाही अधू झालेली असू शकते. आत्याला नेलं तेव्हा डॉक्टरांनी आधी विचारलं, 'शेवटचं धडधाकट कधी पाहिलंत?' सुई शोधण्याच्या धावपळीत घड्याळाकडे कोणीच पाहिलं नव्हतं.