सत्तावीस लाखांचा बॅज

आज नाशिकला पाथर्डी फाट्यावर टायरच्या दुकानात एका गृहस्थांचं वाक्य कानावर पडलं आणि डोकं फिरलं, ते अजून जागेवर आलेलं नाही. शेजारी एक पोरगा त्याच्या फोक्सवॅगन व्हर्टस जीटीचे टायर रोटेट करून घेत होता. गृहस्थांची गाडी बीएमडब्ल्यूची नवी कोरी टू सिरीज ग्रान कूपे. पोराच्या गाडीकडे नुसती हनुवटी उडवून म्हणाले, "लाल कॅलिपर लावले म्हणून स्पोर्ट्स कार होत नाही. त्याला तसं इंजिन लागतं." (कॅलिपर म्हणजे चाकाआड ब्रेक पकडणारा तुकडा.)

इंजिन! काका, तुमच्या बॉनेटखाली तीन सिलिंडर आहेत. दीड लिटर टर्बो, 156 पीएस ताकद, 230 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर. ज्या गाडीला तुम्ही हसलात तिच्यात दीड लिटर टर्बो, चार सिलिंडर, 150 पीएस, 250 न्यूटन मीटर. दोघींची ताकद पुढच्याच चाकांवर. दोघींना सात गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. तुमची जुलै 2025 मध्ये आली तेव्हा सुरुवातीची किंमत 46.90 लाख, एक्स-शोरूम. त्याची वीसच्या आत. शून्यावरून शंभर गाठायला तुमच्या कंपनीचाच आकडा 8.6 सेकंद. व्हर्टस नऊच्या आसपास. म्हणजे फरक डोळ्यांची पापणी लवण्याएवढा, आणि पैशांत बघाल तर सत्तावीस लाख.

बरं, ही नुसती कागदावरची गोष्ट नाही. व्हर्टसचा 250 चा टॉर्क 1600 आरपीएमलाच हातात येतो आणि 3500 पर्यंत टिकतो. वजन पावणेतेराशे किलोच्या आसपास. चार माणसं आणि सामान घेऊन कसारा घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये गाडी दमत नाही, रडत नाही. तीन सिलिंडरवाली पण चढते, उगाच खोटं कशाला बोलू. बीएमडब्ल्यूने ते इंजिन बरंच गुळगुळीत केलंय. पण मग "तसं इंजिन" म्हणजे कसं, ते त्या काकांनी सांगावं.

आपल्यात कुणी बॅजला भुलणारं नाही हे माहीत आहे मला. तरी हिशोब लिहून ठेवतो, घरच्यांना दाखवायला उपयोगी पडेल. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर पेट्रोल गाडीचा रोड टॅक्स दहा ते वीस लाखांपर्यंत 12 टक्के, वीसच्या वर 13. एकोणीस लाखांवर सव्वादोन लाखांच्या थोडा वर जातो. 46.90 वर सहा लाख दहा हजार. नुसता टॅक्स! कंपनीच्या नावावर घेतली की 20 टक्के, हे सेल्समन शेवटी सांगतो. कर्जाचं बघा: 15 लाख, सात वर्षं, 9 टक्क्यांनी हप्ता 24 हजारांच्या थोडा वर. 37 लाखांचा हप्ता साडेएकोणसाठ हजार. यात इन्शुरन्स धरलेला नाही, आणि तोही गाडीच्या किमतीवरच वाढतो.

आता आपल्या गावाचे रस्ते. कुंभाच्या नावाखाली अर्धं शहर खणून ठेवलंय, त्यावर मी बोलायला लागलो तर पोस्ट भलतीकडे जाईल. फक्त टायरचं सांगतो. व्हर्टसला 205/55 आर16. म्हणजे साइडवॉलची, टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची जवळपास 113 मिलिमीटर. 18 इंची रिमवर 225/40 चढवला की तीच उंची 90. हे दोन-सव्वादोन सेंटिमीटर रबर म्हणजे खड्ड्यात तुमची उशी. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात टायर चिमटला की आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. त्या फुग्याला पंक्चरवाला काही करू शकत नाही, टायर बदलायचा. हवा कमी असेल तर हे लवकर होतं. म्हणून हवा सकाळी टायर थंड असताना बघा, समृद्धीवर तास-दोन तास पळवून पंपावर थांबल्यावर नाही. तेव्हा आकडा फुगलेलाच दिसतो आणि पोरं त्यातली हवा काढून टाकतात.

त्या पोराला टायरवाल्याने विचारलं, हवा किती ठेवू? त्याने दाराच्या पट्टीवरचा स्टिकर न बघता पुढचा-मागचा आकडा वेगवेगळा सांगितला. काकांनी तोच प्रश्न ऐकून "नेहमीची" असं उत्तर दिलं. मला सांगा, यात ड्रायव्हर कोण?

आता जीटीची बाजू घेतोय म्हणून तिची दुखणी लपवणार नाही. मागे ड्रम ब्रेक आहेत. या किमतीला, या ताकदीला ड्रम, हे पटत नाही म्हणजे नाही. मागचं सस्पेंशन टॉर्शन बीमचं, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्याला जोडलेली. वळणात मध्येच खड्डा आला की मागची बाजू एकदम उडी मारते, दोन्ही चाकं एकमेकांना ओढतात. समृद्धीवर 120 ला प्रीमियम गाडी जास्त शांत असते आणि तिच्या सीट चांगल्या असतात. झालं, मान्य केलं.

आणि डीएसजी, म्हणजे फोक्सवॅगनचा तोच ड्युअल क्लच. जीटीतला डीक्यू200 हा ड्राय क्लचचा गिअरबॉक्स आहे. ओल्या क्लचसारखा तो तेलात बुडालेला नसतो, त्यामुळे उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. द्वारका चौकात संध्याकाळी सातला तुम्ही ब्रेक अर्धवट सोडून गाडी इंच-इंच सरकवत राहिलात की क्लच घासत राहतो. मग पहिल्या-दुसऱ्या गिअरला झटके येतात आणि लोक गाडीला शिव्या देतात. उपाय साधा आहे. समोर दीड-दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून एकदाच पुढे घ्या आणि पूर्ण थांबा. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबून गाडी धरून ठेवायची नाही, ब्रेकवर धरायची. हे कुणी शोरूममध्ये सांगत नाही. रोज शहरातच चालवणार असाल आणि डाव्या पायाचा कंटाळा नसेल तर सहा गिअरची मॅन्युअल घ्या, क्लच बदलायचा खर्चही बराच कमी.

इथे आता माझा राग काकांवरून पोरांवर चाललाय. रीमॅप, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवायची! प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण असतोच, "भो, स्टेज वन मार, 180 पीएस होतील." अरे, डीक्यू200 ची टॉर्क झेपायची मर्यादाच 250 न्यूटन मीटर आहे. इंजिन कंपनीतून निघतानाच त्या रेषेवर उभं आहे. त्यावर पन्नास-साठ वाढवले की आधी क्लच घसरतो, पाठोपाठ वॉरंटी जाते. आपल्या सातपूरला पिढ्यानपिढ्या डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर बनतात. मायक्रॉनचा हिशोब इथल्या घराघरात माहीत आहे, आणि आपलीच पोरं लॅपटॉपवाल्या कुणालाही ईसीयू, म्हणजे तो इंजिनचा कंप्युटर, उघडून देतात.

तेवढ्या पैशात काय करायचं ते ऐका. चारही टायर चांगल्या कंपाउंडचे, म्हणजे चांगल्या रबराचे, घ्या, साइज तीच ठेवा. पुढचे ब्रेक पॅड चांगले घाला. ब्रेक फ्लुइड दोन वर्षांनी बदला, कारण ते हवेतली ओल शोषतं आणि उकळायचा बिंदू खाली येतो. घाटात पेडल स्पंजासारखं खाली जातं ते बहुतेक वेळा यामुळेच. मग अलाइनमेंट, आणि त्याचा प्रिंट मागून घ्या, आधीचा आणि नंतरचा. तो पोरगा प्रिंट घेऊन उभा होता, टो चा, म्हणजे चाकं आत-बाहेर किती वळलीत त्याचा, आकडा हिरव्यात आला का बघत. गाडी कॅलिपरच्या रंगाने स्पोर्टी होत नाही हे काकांचं वाक्य तसं बरोबरच होतं, फक्त बोट चुकीच्या गाडीकडे होतं.

जाऊ दे. काकांनी स्वतःच्या कमाईने घेतली असेल, घ्यावी. आयुष्यभर राबून एखाद्याला तो बॅज अंगणात उभा बघायचा असेल तर त्यात वाईट काही नाही, आणि तसं सरळ सांगितलं असतं तर मी टाळीच दिली असती. दुसऱ्याच्या गाडीची लाज काढायची गरज नव्हती. चोवीस-पंचविशीतला पोरगा होता तो, अंबडला कुठेतरी कामाला असेल, हप्ता भरत असेल.

दोन्हीपैकी काहीही घेणार असाल तर टेस्ट ड्राइव्ह नीट मागा. सेल्समन कॉलेज रोडला एक चक्कर मारून आणेल, तिथे सगळ्याच गाड्या छान वाटतात. घरची चार माणसं बसवा, एसी पूर्ण लावा. खणलेल्या रस्त्यावर वीसच्या वेगाने न्या आणि स्टिअरिंग किती थरथरतं बघा. चढावर थांबवून ब्रेक सोडा, मागे घरंगळते का बघा. सोसायटीच्या स्पीडब्रेकरवरून तिरकी न नेता सरळ न्या, पोट घासलं तर तिथेच कळेल. व्हर्टसचा ग्राउंड क्लिअरन्स रिकाम्या गाडीला 179 मिलिमीटर आहे, माणसं बसली की तो कमी होणारच. जीटीमध्ये हलक्या पायाने साठ-सत्तरला चालवताना अगदी बारीक घरघर जाणवली तर घाबरू नका, दोन सिलिंडर बंद होऊन पेट्रोल वाचवतायत. आणि सेल्समन घाटाकडे गाडी न्यायला नाही म्हणाला तर दुसऱ्या शोरूमला जा. गाडी तीच मिळेल, माणूस वेगळा असेल.