खसखशीचा ताळेबंद

बडोद्याच्या दांडियाबाजारातील आमच्या घरी रविवारी सकाळी नातीने "आजोबा, आपल्याला पेशी करायची आहे" असे जाहीर केले, तेव्हा आयुष्यभर हिशेबनिसी केलेल्या माणसाच्या बेफिकिरीने मी "करू की" म्हणालो. प्रतिकृती सोमवारीच शाळेत न्यायची आहे, हे तिने त्यानंतर सांगितले.

केंद्रकाचे काम अर्ध्या चेंडूवर भागले. अडले ते आंतर्द्रव्यजालिकेपाशी, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्यापाशी. पुस्तकातील ती घड्याघड्यांची आकृती पाहून मला माळ्यावरच्या वाळवणाची आठवण झाली आणि सौभाग्यवतींच्या नकळत मी डब्यातून मूठभर कुरडया काढल्या. खडबडीत जालिकेवर रायबोझोम (प्रथिने बनवणारे सूक्ष्म कण) म्हणून मोहरी चिकटवावी, असा माझा बेत होता. पण २० मायक्रोमीटरची पेशी आपण दोन फुटांची करत असू, तर २५ नॅनोमीटरचा रायबोझोम पाऊण मिलीमीटरच भरायला हवा, असे नातीने त्रैराशिक मांडून दाखवले. मी ते दोनदा तपासले. दुर्दैवाने बरोबर होते. त्रैराशिक तिला मीच शिकवले होते. अखेर अनारशांसाठी जपलेली खसखस निघाली.

खसखशीचा दाणा चिमट्यात धरला की दिसत नाही आणि दिसला की तो चिमट्यात नसतो. सस्तन प्राण्याच्या एका पेशीत रायबोझोमची संख्या एक कोटीपर्यंत जाते, ही माहिती मला अकराव्या दाण्याला मिळाली. विसाव्या दाण्याला कळले की रायबोझोम जालिकेच्या बाहेरच्या अंगालाच असतात, कारण तयार होणारी प्रथिनांची साखळी तेथूनच पटलातून आत सरकते. माझे निम्मे दाणे आतल्या अंगाला होते. एवढ्यात कोणीतरी पंखा लावला. सर्वत्र उडालेली खसखस पाहून मी, काही रायबोझोम पेशीद्रवात मोकळेही हिंडतात, या वाक्याचा आधार घेतला. तो मान्य झाला.

खरा धक्का पुढे होता. रायबोझोमचा लहान भाग ४० एस, मोठा ६० एस आणि दोन्ही मिळून ८० एस! एस म्हणजे वजन नव्हे, तर गरगर फिरवल्यावर तळाशी बसण्याचा वेग आणि वेगाची अशी बेरीज होत नाही, हे नातीने समजावले, तरी ताळेबंदात वीसची तूट पाहून माझा जीव कासावीस झाला. ज्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून मी कशीबशी वाणिज्याची पदवी मिळवली, तेथूनच १९७१ मध्ये वेंकटरामन रामकृष्णन भौतिकशास्त्राचे पदवीधर झाले आणि याच रायबोझोमच्या रचनेवरील कामासाठी २००९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी ठरले. त्यांनी त्यातला अणू न् अणू जागेवर दाखवला; मला चष्म्याच्या काचेला चिकटलेला दाणाही सापडत नव्हता.

रात्री सौभाग्यवतींनी रिकामी खसखशीची बाटली पाहिली. "अहो, आता अनारशांवर काय मोहरी लावू?" एवढेच त्या म्हणाल्या आणि उरलेल्या बिनखसखशीच्या कुरडया त्यांनी निमूटपणे तळायला घेतल्या.

"बरोबर आहे आजी," नात ताटलीत हात घालत म्हणाली, "गुळगुळीत जालिकेतच स्निग्ध पदार्थ तयार होतात."